घास अडकतोय? दरवेळी काटाच असतो असं नाही



घशात काही अडकलं की आपल्या घरांत एकच बोलणं, "काटा असेल, भाताचा गोळा गिळ." त्यानं काटा आणखी आत रुततो. आणि दोन आठवडे झाले तरी घास अडकतच असेल, तर कारण वेगळं असू शकतं.

अन्ननलिकेत क्वचित चरबीची गाठ होते. तिला लायपोमा म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. लहान असेपर्यंत काही जाणवत नाही. मोठी झाली की घास अडकतो. देठाची लांब गाठ खोकताना तोंडात येऊन श्वासही अडवू शकते.

ओळखतात कशी?
• एन्डोस्कोपीत गाठ पिवळसर, मऊ दिसते. चिमट्यानं दाबली तर उशीसारखी खळी पडते.
• आत चरबीच आहे का, ते सीटी स्कॅनमध्ये कळतं.
• गाठ आवरणाखाली असते, म्हणून वरवरचा तुकडा काढून तपासला तरी निदान होईलच असं नाही.

उपचार काय?
• लहान असेल, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात.
• मोठी किंवा त्रासाची असेल तर दुर्बिणीतून किंवा ऑपरेशन करून काढतात. काढलेली गाठ तपासायला पाठवतात, कारण मोठ्या गाठीत कधी कधी कॅन्सर निघतो.
• काढ्यानं ती विरघळत नाही.

तंबाखू किंवा दारूची सवय आहे, वजन उतरतंय, आधी भाकरी आणि आता पेजही अडकतेय, तर एक दिवसही थांबू नका. काकतीहून बेळगाव जवळच आहे. बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा, बीपीएल कार्ड सोबत न्या. गाठ साधी की वाईट, हे तपासल्यावरच कळतं.

आपला,
सचिव