मृत्यूचा अधिकार आणि जीवनाची अमानत

डॉक्टरांच्या साहाय्याने मृत्यू पत्करण्याचा अधिकार कायद्याने मिळावा, या मागणीची चळवळ अमेरिकेत ज्यांनी उभारली, त्यांत पत्रकार डेरेक हम्फ्री हे प्रमुख होत. १९७५ साली त्यांनी कर्करोगाने ग्रस्त पत्नीस तिच्या इच्छेवरून मृत्यूसाठी साहाय्य केले आणि १९८० साली ‘हेमलॉक सोसायटी’ स्थापन केली. १९९४ मध्ये ओरेगॉन राज्यातील मतदारांनी असा कायदा संमत केला. १९९७ पासून तो अमलात आहे. सहा महिन्यांत मृत्यू संभवतो अशा प्रौढ रुग्णास डॉक्टर प्राणघातक औषध लिहून देऊ शकतो. ते घ्यावयाचे मात्र रुग्णानेच.

वेदनेतून सुटका आणि देहावरील स्वतःचा अधिकार, हे समर्थकांचे दोन मुख्य युक्तिवाद. ओरेगॉनच्या वार्षिक अहवालांत मात्र वेदनेपेक्षा परावलंबनाचे कारण रुग्णांनी कितीतरी अधिक वेळा सांगितलेले आढळते. आपण कुटुंबास भार होऊ, ही भीतीही पुष्कळांनी व्यक्त केली आहे.

इस्लामच्या दृष्टीने देह ही अल्लाहची अमानत आहे. सूरह निसाच्या २९व्या आयतीत आत्मघातास मनाई आहे. वेदनाशामक औषध घेण्यास मात्र प्रतिबंध नाही, आजारात उपचार करण्याची शिकवण प्रेषितांनीच (स.) दिली. उरते ती भार होण्याची भीती. तिचे उत्तर घरातच द्यावे लागते. वृद्ध मातापित्यांपुढे त्रासिक उद्गारही काढू नये, अशी आज्ञा सूरह बनी इस्राईलमध्ये आहे. अंथरुणास खिळलेल्या माणसास आपण नकोसे झालो असे वाटू न देणे, हे आपले कर्तव्य होय. ते आपण पार पाडतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने तपासून पाहावे. अल्लाह आपणा सर्वांस त्याची शक्ती देवो. आमीन.