उपासनेला आपण कसे येतो?

शब्बाथ शाळेच्या शिक्षक बंधुभगिनींसाठी या महिन्याचा पाठ थोडा निराळा आहे. त्याला फळा, खडू आणि जरासे गणित लागेल. सातवीच्या पुढची मुले तो सहज करतील. मोठ्यांच्या वर्गातही तो घेण्यास हरकत नाही; किंबहुना तेथे त्याची अधिक गरज आहे.

आपल्या जुन्या मंडळ्या वसल्या तेव्हा पुष्कळ ठिकाणी घर व चर्च एकाच कंपाउंडात किंवा हाकेच्या अंतरावर असे. घंटा झाली की लोक पायी निघत. आज इंदूर घ्या, बेळगाव घ्या, हैदराबाद घ्या. चर्च आहे तेथेच आहे, पण कुटुंबे शहराच्या कडेच्या वसाहतींत गेली आहेत. रविवारी सकाळी आवार स्कूटरींनी भरून जाते. आणि ज्यांच्या घरी वाहन नाही अशा वृद्ध भगिनी रिक्षाचे भाडे मनात धरून महिन्यातून एकदाच उपासनेला येतात. धुराचा प्रश्न आणि या भगिनींचा प्रश्न आपण वेगवेगळे समजतो. गणित मांडले की ते फारसे वेगळे राहत नाहीत.

समजा, घर सहा किलोमीटरवर आहे. म्हणजे जाऊन येऊन बारा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर एकट्याच्या फेरीत सुमारे ६०० ग्रॅम होतो. मोटार लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि तीत एकटेच गृहस्थ बसले असतील, तर १,८०० ग्रॅमच्या वर.

आता विजेची स्कूटर घेऊ. बारा किलोमीटरना चार्जिंगमधील गळती धरून साधारण ०.४ युनिट वीज लागते. येथे एखादा चौकस मुलगा विचारीलच की वीज तरी कोठून येते? त्याला गप्प बसवू नका. प्रश्न रास्त आहे. आपल्या देशातील बरीचशी वीज अजून दगडी कोळशापासून होते, आणि एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे फेरीला २८० ग्रॅम. शून्य नव्हे, पण निम्म्याहून कमी. शिवाय तो धूर आपल्या गल्लीतील लेकरांच्या नाकात जात नाही, आणि सौरऊर्जा व पवनऊर्जा जसजशी वाढेल तसतसा हा आकडा तीच स्कूटर चालवीत असतानाही उतरेल.

आता सिटी बस. डिझेलची बस लिटरला चार किलोमीटर चालते व लिटरमागे २.७ किलो सोडते असे धरा. आत चाळीस माणसे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला बारा किलोमीटरचे २०० ग्रॅम येतात. म्हणजे भरलेली जुनी डिझेल बस एकट्याने चालविलेल्या नव्या विजेच्या स्कूटरीपेक्षाही बरी! मुलांना येथे क्षणभर थांबू द्या. त्याच विजेच्या स्कूटरीवर मागे कोणी बसले की वाटा १४० वर येतो. मागची रिकामी जागा हीच सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगताना त्याच्या जनावराकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जखमी मनुष्य त्यावर बसला, आणि मालक मात्र बहुधा चालत गेला असावा.

विजेवरची वाहतूक ही काही कालची नवलाई नव्हे. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. गोव्याच्या मंडळींना परिचित असलेल्या कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू झाली.

मात्र आमचे अधिक लक्ष ई-रिक्षा चालविणाऱ्या बांधवांकडे आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडे असे चालक पुष्कळ दिसतात. ही गाडी बहुधा शिशाच्या बॅटऱ्यांवर चालते, आणि रोजच्या कामात त्या वर्षभराच्या आसपास उतरतात. गाडीच्या कर्जाचे हप्ते चालू असतानाच नव्या बॅटऱ्यांचा खर्च अंगावर येतो, आणि तेथेच चालक सावकाराच्या दारी जातो. लिथियमची बॅटरी महाग, पण कित्येक वर्षे टिकते. हा वरचा फरक चालकाला एकरकमी देता येत नाही. ज्या मंडळ्यांची स्वतःची पतपेढी आहे, त्यांच्या पंचांनी लग्नकार्याच्या कर्जाइतकाच विचार या कर्जाचा करावा. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी. उघड्यावर शिसे वितळविले की ते मातीत व मुलांच्या रक्तात जाते, मग आपण कोणता धूर कमी केला?

आवारात चार्जिंगची सोय करायची म्हटले की कमिटीत मोठ्या खर्चाची चर्चा सुरू होते. स्कूटरीला मोठे यंत्र लागत नाही. चांगल्या अर्थिंगचा साधा पॉइंट पुरतो. वायरमनकडून मंजूर भार तपासून घ्यावा, वेगळा सब-मीटर बसवावा आणि वापरणाऱ्याने युनिटप्रमाणे पैसे द्यावेत. खिडकीतून लोंबकळती वायर सोडून चार्जिंग करू देऊ नये.

पुढच्या रविवारी मुलांनी फाटकाशी उभे राहून मोजावे: पायी किती, बसने किती, स्कूटरीवर एकटे किती, मोटारीत रिकाम्या जागा किती. नंतर शहराचा नकाशा घेऊन प्रत्येक घराचा ठिपका द्यावा, आणि जी कुटुंबे त्या दिवशी आली नाहीत त्यांचेही ठिपके वेगळ्या रंगात द्यावेत. कोणाच्या वाटेवर कोणाचे घर आहे ते नकाशावर दिसेल. तो कागद पाळकसाहेबांना दाखवून मग दाराजवळच्या फलकावर लावावा; नावे मात्र लिहू नयेत.