धर्मादायाचा रकाना

कारंजा लाडला आमचं अडतीचं दुकान, आजोबांच्या वेळचं. जगाचं भलं धंद्यानं होतं की दानानं, या विषयावरचा वादविवाद मी कॉलेजात दानाच्या बाजूनं जिंकलो होतो. बक्षिसात पेन मिळाला. मग दुकानात बसलो आणि त्याच पेनानं हिशेबपट्ट्या लिहू लागलो. तिथं उमगलं ते हे.

१. दानाचं पुण्य आपलं आणि पैसा भलत्याचाच, असंही असतं. आजोबांच्या जुन्या पट्ट्यांवर अडत, हमाली, तोलाई यांच्या खाली एक रकाना सापडला : 'धर्मादाय'. कापसाच्या चुकाऱ्यातून चार पैसे कापायचे आणि पाणपोईवर नाव आमचं. लहानपणी मी मित्रांना ती पाणपोई ऐटीत दाखवायचो. आता तिथून जाताना मोबाइल बघतो.

२. धंदाही आपणहून सज्जन होत नाही. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं १८८६ मध्ये आमच्याच गावात कापसाचा नियंत्रित बाजार भरू लागला, देशातला पहिला. त्यामागे शेतकऱ्याची कणव कमी आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची गरज जास्त होती. तरी काट्यावर कुणाची तरी नजर राहिली पाहिजे, हे तेव्हापासून मान्य झालं. शेतकऱ्याच्या पदरात जास्त काय पडलं, पाणपोई की खरा काटा? उत्तर मला आवडत नाही, पण माहीत आहे.

३. नफ्यासाठी आलेली गोष्ट कधी कधी गरिबाची होऊन जाते. मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' रेल्वे किलिक निक्सन कंपनीनं आणली ती कापूस वाहायला. पुढं ती खेड्यातल्या माणसाची स्वस्त गाडी झाली. बंद पडली तेव्हा हळहळली ती माणसं. कापूस केव्हाच ट्रकनं जाऊ लागला होता.

४. फुकट दिलेलं महाग पडतं, घेणाऱ्याला. एका कोरड्या वर्षी एका शेतकऱ्याला सोयाबीनच्या बियाण्याची थैली तशीच दिली. पुढच्या हंगामात तो माल घेऊन दुसऱ्याच अडत्याकडे. मी रुसलो. तो म्हणाला, "भाऊ, तुमी फुकट देलं. आता भावासाठी तुमच्याशी भांडू कसा?" उपकार करताना मी त्याचा भांडायचा हक्क काढून घेतला होता, आणि वर कृतज्ञतेची वाट पाहत बसलो होतो.

५. तरीही बाजाराला न दिसणारी माणसं उरतातच. आमच्याकडे वर्षानुवर्षं पोती वाहणाऱ्या हमालाची पाठ गेली. सोयाबीनची हर्रास होते, मोडलेल्या पाठीची होत नाही. त्याच्या घरी दरमहा काही रक्कम जाते. पहिल्या महिन्यात सवयीनं वहीत 'धर्मादाय' लिहिलं, मग खोडलं. आता 'थकबाकी' लिहितो.