दातातली ‘कीड’

कला शाखेच्या विद्यार्थिनीने जीवाणूवर लेख लिहावा याचे काहींना नवल वाटेल. पण मला या विषयाकडे नेले ते एका मराठी क्रियापदाने. आपण ‘दात किडला’ म्हणतो. दाढ ठणकू लागली की रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी घ्यायची आणि मग किडे गळून पडतात, असे आमच्याकडची जाणती माणसे सांगतात.

ही समजूत एकट्या आपल्या खेड्यांची नव्हे. युरोपातही पूर्वी अशीच धुरी घेत. तिकडे बिया खुरासानी ओव्याच्या असत. बी तापून फुटले की आतला पांढरा अंकुर बाहेर येई आणि तोच किडा म्हणून दाखवला जाई! १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात किड्याची ही कल्पना नाकारली.

मग दात पोखरतो कोण? १६८३ साली डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यात इवले जीव वळवळत होते. दातांचे नुकसान त्यांच्यामुळे होते हे मात्र पुष्कळ उशिरा कळले. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून एक जीवाणू वेगळा काढला. गोल जीवाणूंच्या माळेतला हा गडी जरा लांबट दिसला, म्हणून तो रूप बदलतो असे त्यांना वाटले आणि त्यांनी नाव ठेवले स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स.

हा जीवाणू दात खात नाही. तो खातो साखर. साखरेपासून तो एक चिकट पदार्थ बनवतो आणि त्याच्या आधाराने दाताला घट्ट धरून बसतो. उरलेल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतो. आम्लता सुमारे ५.५ पी.एच.च्या खाली गेली की दाताच्या इनॅमलमधले खनिज विरघळू लागते. लाळ हळूहळू हे आम्ल मारते आणि गेलेल्या खनिजाची थोडीफार भरपाईही करते, पण तिला वेळ मिळाला पाहिजे. दिवसभर थोडे थोडे गोड तोंडात असेल तर लाळेने करावे काय? म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला महत्त्व. गूळही यातून सुटत नाही, कारण त्यातही मुख्यतः साखरच. स्वीडनमधील व्हिपेहोल्म संस्थेत १९४० च्या दशकात हे तपासले गेले, तेही मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून. ज्ञान मिळाले खरे, पण ते वाचताना मला लाज वाटली.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. या जीवाणूला राहायला दातासारखी कठीण जागा लागते. त्यामुळे बिनदाताच्या तान्ह्या मुलात तो सहसा घर करीत नाही. दात आले की तो येतो, आणि बहुधा आईच्याच लाळेतून येतो. आमच्या घरी बाळाला घास चावून मऊ करून भरवतात. माया म्हणतात ती हीच. हे मी वहिनीला सांगत होते, तेव्हा आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “तुला बी असाच भरवला, तवा तू कालेजात गेलीस.” तिचे स्वतःचे चार दात चाळिशीच्या आत गेले आहेत. मी पुढे काही बोलले नाही. वहिनी मात्र आता भात वाटीत कुस्करते, आणि गुळाचा खडा बाळाच्या हाती फक्त जेवणाबरोबर देते.