डोळ्यांतील दारें धरणारा

मळ्यांत दारें धरणारा मनुष्य आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिला असेलच. एका वाफ्यास पुरेसें पाणी मिळालें, कीं तो फावड्यानें माती ओढून तें पुढल्या वाफ्याकडे वळवितो. पाणी हें पिकाचें जीवन खरें. पण तो मनुष्य बांधावर निजला, तर तेंच पाणी रोपांचीं मुळें कुजवितें. असाच एक दारें धरणारा आपल्या डोळ्यांतही जागत असतो. त्याची ओळख आज आम्हीं करून देणार आहों.

डोळ्याच्या मागील बाजूस आंतून दृष्टिपटल नांवाचा पातळ पडदा असतो. त्यांत प्रकाश टिपणाऱ्या सुमारें १२ कोटी दंडपेशी व ६० लक्ष शंकुपेशी आहेत. त्यांची वार्ता मधल्या पेशींच्या द्वारें शेवटीं गँग्लियन नामक मज्जापेशींकडे येते. ह्या पेशी सुमारें १० लक्षच आहेत. त्यांचेच तंतु एकत्र होऊन मेंदूकडे जाणारी दृष्टिमज्जा बनते. आपण जें जें पाहतों, तें सर्व ह्याच वाटेनें मेंदूस पोहोंचतें.

गँग्लियन पेशीस प्रकाशाची वार्ता देणारा जासूद म्हणजे ग्लुटामेट हें द्रव्य होय. तें ओळखणारे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. ते दोन जातींचे. पहिल्या जातीचा ग्राही स्वतःच एक दार असतो; ग्लुटामेट लागतांच तें उघडतें व विद्युद्भारित कण आंत शिरतात. दुसऱ्या जातीच्या ग्राहीस दार नसतें. तो पेशीच्या आंत निरोप धाडून इतरांकडून काम करवितो.

पहिल्या ग्राहीमुळें पेशीचा विद्युद्दाब बदलला, कीं त्या दाबानें उघडणारीं कॅल्शियमचीं दारें उघडतात. विश्रांत पेशीच्या आंत कॅल्शियम बाहेरच्या मानानें सुमारें दहा हजारांश इतकेंच असतें. म्हणून दार उघडतांच तें वेगानें आंत येतें. थोडें कॅल्शियम पेशीस कामाला लावतें. अति झालें तर पेशी मरते. १९५७ सालीं लुकस व न्यूहाउस ह्या शास्त्रज्ञांनीं उंदरांच्या पिलांस ग्लुटामेटचा क्षार टोंचला, तेव्हां त्यांच्या दृष्टिपटलाचे आंतील थर नष्ट झाले.

मग जन्मभर ग्लुटामेटच्या सान्निध्यांत राहून ह्या पेशी जगतात कशा? ह्याचें एक उत्तर शेन व स्लॉटर ह्यांनीं १९९८ सालीं दिलें. सॅलॅमँडर हा बेडकाच्या वर्गांतला, पण शेपटीचा प्राणी आहे. त्याच्या गँग्लियन पेशी तपासतां असें दिसलें, कीं ग्लुटामेट मिळाल्यावर दाबानें उघडणारीं कॅल्शियमचीं दारें कांहीं अंशीं मिटतात, आणि ह्या कामीं दोन्ही जातींचे ग्राही झटतात. पहिल्या ग्राहीवाटे आंत आलेलें कॅल्शियम कॅल्मोड्युलिन ह्या प्रथिनास जागें करितें. तें पुढें एका विकरास चेतवितें व ‘एन’ जातीचीं दारें आवरलीं जातात. दुसरा ग्राही पेशीच्या आंतील कोठारांतून कॅल्शियम सोडवितो व ‘एल’ जातीचीं दारें आवरतो. म्हणजे आंत पुरेसें आलें ह्याची वर्दी कॅल्शियमच देतें, आणि त्या वर्दीनेंच पुढचा लोंढा कमी होतो.

ही राखण कां महत्त्वाची? कारण मनुष्याच्या गँग्लियन पेशी एकदां मेल्या, कीं पुनः उगवत नाहींत. काचबिंदूंत ह्याच पेशी हळूहळू मरतात. ग्लुटामेटचा एक ग्राही अडविणारें औषध काचबिंदूच्या रोग्यांस देऊन दोन मोठे प्रयोग झाले. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निकालांत अपेक्षित गुण दिसला नाहीं. डोळ्यांतील दाब वेळींच उतरविणें हाच आजही खात्रीचा उपाय आहे.

आमच्या तीर्थरूपांस हा विकार होता. चालतांना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीस लागे, आणि आम्हीं तें वार्धक्य समजलों. डोळा दुखत नव्हता, म्हणून कोणीं तपासला नाहीं. कळलें तेव्हां एका डोळ्याची दृष्टि बहुतेक गेली होती. उरली ती औषधानें राखतां आली, गेलेली परत आली नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, हा लेख घरीं वडील मंडळींस वाचून दाखवा. चाळिशी उलटली असेल, किंवा घरांत कोणास काचबिंदू झाला असेल, तर डोळा दुखण्याची वाट न पाहतां तो तपासून घेण्याचा आग्रह धरा. आंतला राखणदार आपलें काम करितो. बाहेरची राखण आपल्या हातीं आहे.