आधी परवानगी, मग फ्लेक्स

नोंदणीच्या नूतनीकरणाचं वर्ष जवळ आलं की नर्सेसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरातींचा पाऊस सुरू होतो. ‘एका दिवसात ३० तास. लंच व किट मोफत. सर्टिफिकेट हातोहात.’ वर कुणा प्रमुख पाहुण्यांचा फोटो, कोपऱ्यात आयएसओचा गोल शिक्का आणि खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयात मी इन-सर्व्हिस एज्युकेशन सांभाळते. त्यामुळे अशी जाहिरात फिरत फिरत माझ्याकडे येतेच, ‘मॅडम, हे चालतंय काय?’ या प्रश्नासकट. हा प्रश्न पैसे भरायच्या आधी आला तर बरं. पण बहुतेक वेळा तो नंतरच येतो.

एका स्टाफ सिस्टरच्या बाबतीत तर तो फारच उशिरा आला. तिला परदेशातल्या नोकरीचं पत्र आलेलं होतं. तिकडच्या नोंदणीसाठी इथल्या नर्सिंग परिषदेचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट हवं, त्यासाठी इथली नोंदणी चालू हवी आणि ती चालू ठेवायची तर कंटिन्युइंग नर्सिंग एज्युकेशनचे, म्हणजे आमच्या भाषेत सीएनईचे, तास हवेत. तिची प्रमाणपत्रांची फाईल चांगली जाडजूड होती. आम्ही टेबलावर एकेक कागद पसरला. सोनेरी कडा, होलोग्राम, दोन सह्या आणि त्यातली एक रबरी शिक्क्याची. सिस्टरचं नाव ठळक, पण तिच्या नोंदणी क्रमांकाला जागाच नाही. परिषदेच्या परवानगीचा उल्लेख नाही. तारीख आहे, ठिकाण नाही. आणि त्या एकाच तारखेसमोर तास लिहिलेले होते ३०! दिवस चोवीस तासांचा असतो, एवढंही छापणाऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं. संस्थेला फोन लावला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, ‘ताई, आमची संस्था रजिस्टर्ड आहे.’ खरंच होती. धर्मादाय आयुक्तांकडे.

पैसे परत मिळाले नाहीत. मान्य कार्यक्रमांचे तास तिने नव्याने जमवले, पण तोवर रुजू व्हायची मुदत उलटून गेली.

त्या फोनवरच्या एका वाक्यात सगळा घोळ आहे. ट्रस्ट म्हणून नोंदणी असणं ही एक गोष्ट. आयएसओ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. एनएबीएच मानांकन रुग्णालयाला मिळतं, तिथल्या सेवेसाठी. नर्सिंग कॉलेजची मान्यता असते ती ठरावीक अभ्यासक्रम शिकवण्यासाठी. हे चारही कागद भिंतीवर फ्रेम करून लावलेले असले, तरी त्यांच्या जोरावर रविवारच्या कार्यशाळेचे तास कुठल्याही सिस्टरच्या खात्यात जमा होत नाहीत. सीएनईची मान्यता स्वतंत्र मागावी लागते आणि ती कोणाकडून, कोणत्या विषयाला, कोणत्या तारखेसाठी, किती तासांची, हे कागदावर असावं लागतं. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचं परवानगीपत्र यंदाच्या जाहिरातीवर चिकटवणारेही मी पाहिलेत. म्हणून पत्र नुसतं ‘आहे’ म्हणून भागत नाही, त्याच्यावरची तारीख वाचावी.

दिल्ली आणि मुंबई यांच्यातही गल्लत होते. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने आली. अभ्यासक्रम आणि शिक्षणाचा दर्जा ती ठरवते, आणि पाच वर्षांत १५० तासांच्या सीएनईचं गणितही तिचंच. पण आपली नोंदणी आणि नूतनीकरण राज्याच्या परिषदेकडे, म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र नर्सेस ॲक्टप्रमाणे मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. तेव्हा ‘ऑल इंडिया व्हॅलिड’ असं लिहिलेला ऑनलाईन कोर्स दिसला, तर आपली राज्य परिषद त्याचे तास धरते का, हे आधी लेखी विचारावं. फोनवरच्या ‘हो’ला पुरावा नसतो. परदेशी संस्थांच्या तासांनाही हाच नियम लावते मी. शिकायला ते कोर्स पुष्कळदा उत्तम असतात, जरूर करावेत, पण हिशेबात धरायच्या आधी विचारावं.

१५० तास म्हणजे वर्षाला ३०, महिन्याला अडीच. ऐकायला काहीच नाही. मग सिस्टर शेवटच्या वर्षी तास विकत का घेतात? याचं उत्तर ड्युटी रोस्टरमध्ये आहे. नाईट संपवून, आंघोळही न करता, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने कार्यशाळेला यायचं. चंदगड किंवा गगनबावड्याकडची सिस्टर असेल तर एसटीत निम्मा दिवस जातो. ज्या व्यवस्थापनाला नर्स चोवीस तास हजर लागते, त्याला तिच्या शिक्षणाचे महिन्याचे अडीच तास ड्युटीत धरायला जड जातं. बनावट प्रमाणपत्रांचा बाजार मुख्यतः या कंजूषपणावर चालतो, असं माझं मत आहे आणि ते मी आमच्या मॅनेजमेंटलाही ऐकवलेलं आहे.

आता आयोजकांसाठी. स्वतः कार्यक्रम घ्यायचा म्हटलं की मान्यतेचे नियम कागदी कटकट वाटतात. पण प्रत्येक नियमाच्या मागे कुणीतरी काढलेली एक पळवाट असते. अमेरिकेत एएनसीसी, म्हणजे अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर, सीएनई देणाऱ्या संस्थांना मान्यता देतं. त्यांचे नियम मी मुद्दाम वाचले, कारण ते भलतेच काटेकोर आहेत. तिथे एक काँटॅक्ट अवर म्हणजे ६० मिनिटांचं प्रत्यक्ष शिक्षण. चहा, जेवण, स्वागत यातलं काहीही त्यात येत नाही. आपला नेहमीचा कार्यक्रम घ्या, दहा ते चार. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत यांत पन्नास मिनिटं, चहाला वीस, जेवणाला तास. उरले चार तासांहून कमी, आणि तेही वक्ते वेळेवर आले तर. प्रमाणपत्रावर मात्र सहा. आम्ही आता वेळापत्रक मिनिटांत लिहितो आणि सत्कार चारनंतर ठेवतो. तेव्हापासून सत्कारमूर्तींची संख्या आपोआप कमी झाली.

दुसरा नियम नियोजन कोणी करायचं याचा. एएनसीसीच्या पद्धतीत प्रत्येक कार्यक्रमाच्या आखणीत एक नर्स प्लॅनर लागतेच. ती नोंदणीकृत नर्स हवी आणि नर्सिंगची किमान पदवी हवी. मला हा नियम सगळ्यांत आवडला. आपल्याकडे विषय डॉक्टर ठरवतात, बोलतातही तेच, आणि सिस्टरच्या वाट्याला रांगोळी आणि सूत्रसंचालन येतं. साहजिकच विषय निघतो एखाद्या आजाराची ताजी औषधं. सलाईनची सुई किती दिवसांनी बदलायची, ड्युटी हस्तांतरात नेमकं काय सांगायचं, या रोजच्या अडचणी तशाच राहतात.

विषय निवडण्याआधी कुठे कमी पडतोय ते शोधा, असंही ते नियम सांगतात. यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण इथेच कार्यक्रमाचं भवितव्य ठरतं. कोल्हापुरात कुठल्याही संस्थेला सुचणारा विषय म्हणजे ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’. वक्ता मिळतो, लॅपटॉप लागत नाही, टाळ्याही पडतात. आम्ही वॉर्डात मॉक ड्रिल घेतलं तेव्हा दिसलं ते निराळंच होतं. छातीवरचे दाब मंद पडत होते आणि मध्येच थांबत होते. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नाही, हे आकडे सगळ्यांना पाठ होते. हातांना माहीत नव्हते. ही झाली कमतरता. मग कार्यक्रमाचं उद्दिष्ट ‘सीपीआरविषयी माहिती देणे’ असं राहत नाही. ‘प्रत्येकीने दोन मिनिटांचं एक आवर्तन योग्य गतीने पुरं करणे’ असं ते लिहावं लागतं. असं लिहिलं की हिशेब लगेच अंगावर येतो. हॉलमध्ये ऐंशी खुर्च्या आणि मॅनिकिन एकच असेल, तर प्रत्येकीची दोन मिनिटं धरून एका फेरीलाच दोन तास चाळीस मिनिटं. म्हणून तुकड्या लहान करा, नाहीतर मॅनिकिन वाढवा. एका ओळीचं उद्दिष्ट नीट लिहिलं की हॉल केवढा हवा, किती जणी बोलवायच्या, खर्च किती, सगळं त्यातूनच निघतं. आणि शेवटी मूल्यमापन म्हणून ‘कार्यक्रम कसा वाटला?’ अशी चिठ्ठी वाटायची गरज उरत नाही. हात बघायचे.

पैशाचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. जखमेच्या शुश्रूषेवरची एक कार्यशाळा मला आठवते. खर्च ड्रेसिंगचं सामान विकणाऱ्या कंपनीचा, वक्ता कंपनीचा आणि स्लाईडवर जखम कुठलीही असो, उपाय एकच पाकीट. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा मात्र झकास होता. जेवणानंतर निम्मा हॉल रिकामा, पण दोन्ही सत्रांच्या सह्या सकाळीच एका दमात झालेल्या होत्या. रुग्णांवर वापरायच्या वस्तू बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीला एएनसीसी सीएनईची मान्यताच देत नाही. अशी कंपनी पैसे देऊ शकते, पण लेखी कराराने. विषय आणि वक्ता ती ठरवू शकत नाही, आणि मदत कोणाची आहे हे श्रोत्यांना आधी सांगावं लागतं. वक्त्याचे कंपनीशी काही आर्थिक संबंध असले तर तेही. आम्हीही कंपनीचे पैसे अगदीच नाकारत नाही. स्टॉल हॉलच्या बाहेर, पावती रुग्णालयाच्या नावाने आणि स्लाईडवर औषधाचं वा सामानाचं मूळ नाव, ब्रँड नाही. सही येताना एक आणि जाताना एक, आणि वही एका सिस्टरच्या ताब्यात. वही टेबलावर मोकळी ठेवली की एकाच पेनाने पाच जणींच्या सह्या होतात.

इंग्लंडची तऱ्हा निराळी. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलने एप्रिल २०१६ पासून रिव्हॅलिडेशन आणलं. तीन वर्षांत ३५ तास, त्यांतले २० इतरांसोबत शिकलेले, आणि कामातल्या अनुभवांवर स्वतः लिहिलेली पाच टिपणं. कोर्स मान्यताप्राप्तच हवा अशी सक्ती नाही. काय शिकलात आणि कामात काय बदललं हे दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी बोलून दाखवावं लागतं. हेच इथे आणा, असं काही तरुण ब्रदर-सिस्टर म्हणतात. मला घाई वाटते. ज्या दिवशी टिपणं लिहायला वेळ मिळेल त्या दिवशी आणावं, नाहीतर टिपणंही तयार विकत मिळतील. तरी कार्यशाळेनंतर अर्धं पान लिहून घ्यायची सवय आम्ही लावली आहे. त्यातूनच पुढच्या वर्षीचे विषय सापडतात.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या कायद्याची जागा तो घेणार, राज्यांतही आयोग येणार. नमुने आणि पोर्टल बदलतील, तेव्हा जुने कागद टाकू नका. प्रमाणपत्रासोबत परवानगीपत्राचा फोटो, वेळापत्रक आणि पैसे भरल्याची पावती एकाच फाईलला लावा. कार्यक्रमाच्या दारात असतानाच प्रमाणपत्रावरचा नोंदणी क्रमांक तपासा, घरी जाऊन नव्हे.

आणि नाव. लग्नाआधीची नोंदणी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने आणि हजेरीच्या वहीत नुसतं ‘पाटील सिस्टर’, अशी प्रकरणं माझ्याकडे सारखी येतात. नावबदल परिषदेत नोंदवून घ्या. तो होईपर्यंत वहीत नोंदणीवर आहे तेच पूर्ण नाव लिहा, मागे कितीही रांग असली तरी.