तेरडा

सप्टेंबर २०२३ मध्ये मी एमएस्सीसाठी ग्लासगोला आले, ती नेमकी गणपतीच्या आदल्या आठवड्यात. चिपळूणला आमच्याकडे तेरड्याची गौर असते. आईने व्हिडिओ कॉलवर गौर दाखवली. मी हात जोडले, ‘मस्त चाललंय गं’ म्हणाले आणि फोन ठेवून रडले. पुढे पाच महिने मी हेच सांगत राहिले. तुम्ही निदान घरच्या एका माणसाला तरी पहिल्याच महिन्यात खरं काय ते सांगा. आई-बाबांना नसेल सांगवत, तर मावशीला सांगा.

आमचं स्वयंपाकघर सहा जणांत सामाईक होतं. फोडणीचा वास कुणाला खपणार नाही, धुराचा अलार्म वाजेल, या धास्तीने मी रात्री अकरानंतर पिठलं टाकायचे आणि ताट घेऊन खोलीत यायचे. मला कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं. डिसेंबरात तिथे पावणेचारलाच सूर्य मावळतो. शनिवार-रविवारी कुणाशी न बोलल्यामुळे सोमवारी वर्गात घसा खरवडून आवाज काढावा लागायचा.

मंडळं होती की! पहिल्या आठवड्यात मी नऊ मंडळांत नाव नोंदवलं. पण तेरड्याचा रंग तीन दिवस. एकाही ठिकाणी दुसऱ्यांदा गेले नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात भरपूर नाचले, आणि दुसऱ्या दिवशी एकाचंही नाव आठवेना. अशा कार्यक्रमांनी ओळखी होतात, पण आपण आलो नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

जानेवारीत एका दुकानात बिनपगारी कामाला हो म्हणून बसले. आठवड्याला सहा तासांची ठरलेली पाळी, आणि आलं नाही तर बदली माणूस द्यायची अट. कॅफेतले सोळा तास माझे आधीच चालू होते. सही करायच्या आदल्या दिवशी विद्यापीठाच्या सल्लागार बाईंना सहज विचारलं, म्हणून वाचले. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. बांधील पाळीचं काम बिनपगारी असलं तरी या २० तासांत धरलं जातं. मनाला येईल तेव्हा जाऊन केलेली सेवा धरली जात नाही. मास्टर्सवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. उन्हाळ्यातले प्रबंधाचे महिने सुट्टीचे नसतात, तेव्हाही मर्यादा तीच. नुसत्या ‘व्हॉलंटियर’ या शब्दावर जाऊ नका, सही करण्याआधी विचारा.

त्याच बाईंनी मला पर्यावरण गटाकडे धाडलं. हा गट दर शनिवारी दहा वाजता केल्व्हिन नदीच्या काठी जमायचा. फेब्रुवारीत झाडं लावायचं काम चालू होतं. माझ्या हाती फावडं आलं आणि कुणी काही विचारलं नाही. माझ्यासारख्या अबोल माणसाला हेच मानवलं. हात चिखलात असले की गप्प राहिल्याचं अवघडलेपण वाटत नाही, आणि बोलावंसं वाटलं तर शेजारी माणूस असतोच. स्कॉटिश उच्चार मला निम्मे कळायचे नाहीत. ‘पुन्हा सांगा ना’ म्हणायला मी तिथे शिकले. चौथ्या शनिवारी पोचले, तर हातमोज्यांच्या पेटीत सगळ्यात लहान जोडी वेगळी काढलेली होती आणि तिच्यावर मार्करने माझं नाव होतं. माझ्या हातांना मोठे मोजे ढिले होतात, हे कुणीतरी पाहून ठेवलं होतं. म्हणून सांगते, एकच गट धरा आणि चार वेळा जाईपर्यंत सोडू नका.

जूनमध्ये काम बदललं. नदीकाठी हिमालयन बाल्सम माजतो, तो फुलून बी धरायच्या आत उपटायचा. १८३९ मध्ये हे झाड बागेसाठी हिमालयातून ब्रिटनमध्ये आणलं गेलं. एका झाडाला आठशेपर्यंत बिया येतात, आणि शेंग तडकली की सात मीटरपर्यंत उडतात. ‘भारतातून आलंय, काढून टाकायचं’ हे ऐकून माझ्या पोटात कसंसंच झालं. तसं मी बोलूनही दाखवलं. गटातल्या वयस्कर बाईंनी काम थांबवलं आणि मला काठाशी नेलं. बाल्समच्या दाट सावलीत खाली दुसरं काही उगवत नाही, हिवाळ्यात तो स्वतः मरतो आणि उघडा पडलेला काठ नदी कापून नेते. मातीची ती कड त्यांनी हाताने दाखवली.

मग मी झाड निरखलं. रसरशीत, पेरापेराची तांबूस कांडी. पानंही ओळखीची. तिथूनच घरी कॉल लावला.

“अगं, हा तर तेरडाच!” आई म्हणाली. तेरड्याच्याच जातकुळीचं झाड ते. “उपटतेस कशाला?”

मी कारण सांगितलं. आजूबाजूला सगळे हात थांबवून ऐकत होते. मी त्यांना गौर सांगितली, घरभर काढलेली गौरीची पावलं सांगितली.

आई म्हणाली, “मग मुळासकट काढ. मधेच मोडलास तर पेरातून पुन्हा फुटेल.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. “शी इज राइट,” वयस्कर बाई म्हणाल्या आणि पुढचं झाड मुळापासून धरलं.